सह्याद्रीतल्या मुक्कामासाठी गॅसची शेगडी: आधी कॅन बघा, मग बर्नर

कॅम्पिंगची शेगडी घ्यायला गेलेला माणूस दुकानात साधारण दोनच गोष्टी विचारतो: वजन किती, आणि एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळतं. गडावर, धरणाकाठी किंवा कोकणातल्या किनाऱ्यावर मुक्काम करून पिठलं, खिचडी, चहा असा स्वयंपाक करणाऱ्याला या दोन आकड्यांचा फारसा उपयोग होत नाही. त्याने आधी विचारावं की या शेगडीला कुठला कॅन लागतो आणि तो आपल्या गावात मिळतो का. मग विचारावं की भरलेलं पातेलं तिच्यावर न डुगडुगता बसतं का, आणि आच खरंच मंद होते का. बाजारातल्या शेगड्यांकडे या तीन प्रश्नांतून पाहिलं, तर निवड पुष्कळ सोपी होते.

कॅन मुख्यतः दोन प्रकारचे. एक लांबट, हेअर स्प्रेच्या डब्यासारखा, २२० ते २२७ ग्रॅम गॅसचा. यात बहुतेक वेळा निव्वळ ब्यूटेन असतो. दुसरा बुटका, घुमटासारखा, वर आट्यांचा व्हॉल्व्ह असलेला. हा साधारण १००-११०, २३० आणि ४५० ग्रॅमच्या मापांत येतो आणि त्यात ब्यूटेन किंवा आयसोब्यूटेनमध्ये प्रोपेन मिसळलेला असतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे आट्यांचे कॅन आणि बर्नर एकमेकांना बसतात. कॅम्पिंगगॅझ या फ्रेंच कंपनीच्या निळ्या कॅनचा व्हॉल्व्ह मात्र वेगळा असतो, त्यामुळे परदेशातून कुणी स्वस्तात शेगडी आणून दिली तर आधी तिचा सांधा पाहून घ्या. आपल्याकडे लांबट कॅन हॉटेलचं सामान विकणाऱ्या दुकानांतही मिळतो आणि किंमत बऱ्याचदा आट्यांच्या कॅनच्या निम्म्याहून कमी असते. आट्यांचा कॅन ट्रेकिंगच्या दुकानांतच शोधावा लागतो, आणि ऐन डिसेंबरात तो संपलेला असतो.

लांबट कॅन स्वस्त आहे म्हणून सगळीकडे तोच चालेल, असं नाही. ब्यूटेन उणे ०.५ अंश सेल्सियसला उकळतो. त्याखाली त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी पडतो, म्हणजे बर्नरला गॅस मिळत नाही. आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळतो आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना. सह्याद्रीत तापमान शून्याखाली सहसा जात नाही, मग अडचण कसली? अडचण अशी की गॅस वापरताना कॅनमधल्या द्रवाची वाफ होत असते आणि ती वाफ लागणारी उष्णता कॅनमधूनच ओढून घेते. कॅन सभोवतालच्या हवेपेक्षा बराच थंड पडतो. डिसेंबर-जानेवारीत कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या भागात रात्रीचा पारा एक आकडी होतो. अशा हवेत मोठ्या आचेवर दहा मिनिटं चाललेल्या ब्यूटेनच्या कॅनवर दव धरतं, कधी पांढरं बर्फही दिसतं, आणि ज्योत मेणबत्तीएवढी होते. गॅस संपला असं वाटून लोक अर्धा भरलेला कॅन बाजूला टाकतात. त्यावर उपाय म्हणजे ताटलीत दोन बोटं कोमट पाणी घेऊन कॅन त्यात उभा करायचा. हाताला सुखद वाटेल इतपतच कोमट, उकळतं पाणी कधीही नाही. कॅनवरच लिहिलेलं असतं की ५० अंशांवर नेऊ नका. रात्री कॅन स्लीपिंग बॅगेच्या पायथ्याशी ठेवला की सकाळचा चहा वेळेवर होतो. लडाख किंवा स्पितीला जाणाऱ्यांनी मात्र आयसोब्यूटेन-प्रोपेनचा आट्यांचा कॅनच घ्यावा, आणि तो लेह किंवा मनालीत पोहोचल्यावर. विमानात गॅसचा कॅन हातातल्या सामानातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही.

आता शेगड्या. गाडीने जाऊन पवना, भंडारदरा किंवा काशीदजवळ तंबू टाकणाऱ्या कुटुंबाने फार विचार करू नये, कॅसेट स्टोव्ह घ्यावा. चपटा, चौकोनी, बाजूच्या कप्प्यात लांबट कॅन आडवा बसतो तो. वजन दीड किलोच्या आसपास, त्यामुळे पाठीवर न्यायला निरुपयोगी. पण याच्याएवढं स्थिर बूड दुसऱ्या कुठल्याही प्रकारात मिळत नाही. तवा बसतो, भाकरी होते, मध्यम पातेलं न हलता राहतं. जपानच्या इवातानी कंपनीने १९६९ मध्ये हा प्रकार बाजारात आणला आणि रचना आजही जवळपास तीच आहे. घेताना दोन गोष्टी तपासा. एक, जास्त दाब झाल्यावर कॅन आपोआप सुटून गॅस बंद होण्याची सोय आहे का. दोन, बर्नरपासून कॅनपर्यंत जाणारी धातूची पट्टी आहे का. ही पट्टी थोडी उष्णता कॅनपर्यंत नेते, आणि वर सांगितलेला थंडीचा त्रास त्यामुळे पुष्कळ कमी होतो. स्वस्त कॅसेट स्टोव्हमध्ये पहिली सोय बहुधा असते, दुसरी अनेकदा नसते. थोडे पैसे जास्त जाऊ द्या, पट्टी असलेलाच घ्या.

कॅसेट स्टोव्ह वापरताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. कॅनच्या गळ्याला एक खाच असते. ती कप्प्यातल्या खुणेसमोर, म्हणजे वरच्या बाजूला यायला हवी. कॅनच्या आत एक वाकडी नळी असते. खाच वर असली की त्या नळीचं तोंड द्रवाच्या वर, वाफेत राहतं. खाच खाली गेली तर बर्नरकडे वाफेऐवजी द्रव गॅस जातो आणि हातभर पिवळी ज्वाळा उठते. चांगल्या स्टोव्हमध्ये कॅन उलटा बसतच नाही, म्हणून खटका लागत नसेल तर जोर लावू नका, कॅन फिरवून पाहा. दुसरी चूक अधिक धोक्याची: तवा किंवा परात इतकी मोठी घेणं की तिचा काठ कॅनच्या कप्प्यावर येतो. तव्याखालची उष्णता थेट कॅनवर उतरते आणि आतला दाब वाढत जातो. माहितीपत्रकात भांड्याचा कमाल व्यास दिलेला असतो, तो पाळा. दोन स्टोव्ह शेजारीशेजारी लावून वर एक मोठं पातेलं ठेवायचा प्रकार गटांमध्ये सर्रास दिसतो. तोही याच कारणासाठी टाळायचा. आणि हो, पेटीत ठेवताना भांड्याखालची जाळी बऱ्याच मॉडेलांत उलटी बसवलेली असते. ती सुलटी केल्याशिवाय पेटवू नका.

पाठीवर सामान घेऊन चढणाऱ्यांसाठी सगळ्यात जास्त खपणारा प्रकार म्हणजे आट्यांच्या कॅनवर थेट बसणारा छोटा बर्नर. एमएसआरचा पॉकेटरॉकेट २ अवघा ७३ ग्रॅमचा आहे, बीआरएस ३०००टी तर २५ ग्रॅमचा. एक-दोन माणसांचा चहा, सूप, मॅगी यांवर भागणार असेल तर पॉकेटरॉकेटसारखा बर्नर उत्तम. बीआरएसची शिफारस मात्र करवत नाही. त्याचे भांडं धरणारे तीन पाय फार बारीक आहेत, आणि मोठ्या आचेवर तापल्यावर ते वजनाखाली वाकल्याच्या तक्रारी अनेक ठिकाणी नोंदलेल्या आहेत. दोन लिटरचं उकळतं पातेलं ज्या पायांवर उभं राहणार, तिथे पन्नास ग्रॅमची बचत कशाला? मुळात या प्रकाराची उंचीच अडचणीची आहे. कॅन, त्यावर बर्नर, त्यावर पातेलं असा मनोरा वीस सेंटिमीटरच्या वर जातो आणि कातळावर सपाट जागा मिळत नाही. कॅनखाली लावायचे प्लास्टिकचे तिपाई पाय स्वतंत्र मिळतात, ते घ्याच. तरीही दीड लिटरच्या वर भांडं यावर ठेवू नये. कुकर तर नाहीच.

या छोट्या बर्नरमध्ये दाब नियंत्रक असलेले आणि नसलेले असे दोन वर्ग आहेत. सोटोचा विंडमास्टर आणि पॉकेटरॉकेटचा डिलक्स यांत तो आहे. कॅन थंड होऊन किंवा रिकामा होत आल्यामुळे दाब उतरत असतानाही नियंत्रक बर्नरला सारखा गॅस देतो. कॅनमध्येच दाब उरला नसेल, तर त्याचाही इलाज चालत नाही. विंडमास्टरचा बर्नर वाटीसारखा खोलगट असून त्याला कड आहे, त्यामुळे वाऱ्यात ज्योत टिकते. घाटमाथ्यावर हा गुण वजनापेक्षा मोलाचा.

जेटबॉइलसारख्या एकत्र जोडलेल्या संचांची जाहिरात फार होते. उंच अरुंद भांडं, त्याच्या बुडाला उष्णता शोषणाऱ्या पत्र्याच्या घड्या, आणि सगळं कॅनवर घट्ट बसवलेलं. पाणी उकळण्यात यांना तोड नाही, गॅसही कमी लागतो. पण आपल्या स्वयंपाकाशी त्यांचं जमत नाही. दुधाचा चहा अरुंद भांड्यात झपाट्याने वर येतो आणि क्षणात उतू जाऊन बर्नरवर सांडतो. दूध करपून बर्नरची भोकं बुजतात. पिठलं ढवळायला जागा नसते आणि बुडाशी लागतं. एकट्याने हिमालयात पाकिटातलं जेवण गरम पाण्यात भिजवून खाणाऱ्यासाठी हे योग्य आहे. सह्याद्रीतल्या चौघांच्या गटाने यावर पैसे घालू नयेत.

चार ते सहा जणांच्या गटाला आमची पसंती नळीच्या शेगडीला. कोव्हियाचा स्पायडर हा त्यातला जुना आणि भरवशाचा नमुना, वजन १६८ ग्रॅम. फायर मेपल वगैरेंच्या याच धाटणीच्या शेगड्या आहेत. बर्नर आपल्या पायांवर जमिनीलगत उभा राहतो आणि कॅन नळीच्या टोकाला बाजूला. पातेलं खाली असल्याने कलंडत नाही. तीन लिटरचा भरलेला टोप ठेवता येतो. कॅन दूर असल्याने बर्नरभोवती वाराआडोसा लावता येतो, जो वर सांगितलेल्या छोट्या बर्नरला पूर्ण गोल कधीच लावायचा नसतो. तिथे आडोशात कोंडलेली उष्णता कॅनलाच तापवते. शेगडीला ज्योतीतून जाणारी पितळी किंवा पोलादी नळी असेल, तर कडाक्याच्या थंडीत कॅन उलटा करून द्रव गॅस देता येतो. तो वाटेतच तापून त्याची वाफ होते. ज्योतीतली ही नळी नसलेल्या शेगडीवर कॅन उलटा करणं म्हणजे भडका. शिवाय नळीच्या शेगडीला ॲडॉप्टर लावला की लांबट, स्वस्त कॅनही चालतो. कॅन आडवा ठेवणारा ॲडॉप्टर असेल तर इथेही खाच वर ठेवायचा नियम तोच. नळीची शेगडी आणि चांगला ॲडॉप्टर या जोडीमुळे ऐन सुट्टीच्या दिवसांतही कॅनसाठी अडून राहावं लागत नाही.

ॲडॉप्टर घेताना त्याच्या आतली रबरी चकती पाहा. ती सपाट, मऊ आणि चिरा न गेलेली हवी. दर हंगामाच्या सुरुवातीला जोड पूर्ण लावून त्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर चकती बदला. कॅन आट्यांवर बसवताना तो उभा ठेवा, हाताने फिरवा, किंचित फुस्स होऊन आवाज थांबला की आणखी थोडं आवळा, बस. पकडीने आवळल्यावर चकती दबून पुढच्या वेळी गळते.

गॅस किती न्यायचा याचा हिशेब साधा आहे. वारा नसताना, झाकण ठेवून, २०-२५ अंशांचं एक लिटर पाणी उकळायला चांगल्या बर्नरला १२ ते १५ ग्रॅम गॅस लागतो. सहा जणांचा एका रात्रीचा मुक्काम धरा. दोन वेळचा चहा मिळून दोन लिटर: ३० ते ४० ग्रॅम. सहाशे ग्रॅम डाळ-तांदळाची खिचडी, सव्वादोन लिटर पाणी आणि उकळीनंतर वीस मिनिटं मंद आच: ५० ग्रॅमच्या आसपास. सकाळचे पोहे: २५ ग्रॅम. झाले साधारण ११५. वाऱ्यासाठी दीडपट करा, १७० ते १८०. म्हणजे २२० ग्रॅमचा एक कॅन पुरतो, पण दुसरा सोबत हवाच, कारण उघड्या कड्यावर वारा असेल तर दुप्पट गॅसही जातो. डाळ-तांदूळ घरून निघतानाच धुऊन, वाळवून घेतले आणि गडावर अर्धा तास भिजवले तर मंद आचेची पाच-सात मिनिटं वाचतात. वापरलेल्या कॅनमध्ये किती गॅस उरलाय ते हलवून कळत नाही. नवा कॅन आणल्याबरोबर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि वजन मार्करने त्यावरच लिहा. पुढच्या वेळी तोलून वजाबाकी केली की झालं.

वेबसाइटवर दिसणारा किलोवॅटचा आकडा आचेचा जोर सांगतो. एक किलोवॅट म्हणजे तासाला सुमारे ७५ ग्रॅम गॅस. साडेतीन किलोवॅटचा बर्नर पूर्ण उघडला तर २२० ग्रॅमचा कॅन तासाभरातच संपतो. मोठा आकडा पाहून खूश होण्याआधी मंद आच कशी आहे ते बघा. चकलीएवढ्या ज्योतीचा बर्नर मधोमध तापतो आणि पिठलं तिथेच करपतं. रुंद डोक्याचा बर्नर बूडभर आच देतो. छोट्या बर्नरची किंवा नळीच्या शेगडीची चावी पूर्ण उघडी ते अगदी मंद यांच्यात किमान एक पूर्ण फेरा फिरायला हवी. पाव फेऱ्यात भगभग किंवा बंद अशी उडी मारणारी चावी असेल तर शेगडी परत करा.

शेगडीला लागलेलं ठिणगीचं बटण ही सोय आहे, भरवसा नव्हे. पावसाळी दमट हवेत आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात ते पहिलं बंद पडतं. लायटर आणि झिपच्या पिशवीत काड्यापेटी ठेवा. वाळूत शेगडी थेट ठेवू नका, खाली ताट घ्या. मे महिन्यात किनाऱ्यावर उन्हात उभ्या गाडीत कॅन ठेवून पोहायला जाणं अत्यंत वाईट. बंद गाडी सहज ५० अंशांच्या वर जाते.

तंबूत किंवा गुहेच्या आतल्या कोपऱ्यात स्वयंपाक करू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड झालं, झोप आली असं वाटतं आणि माणूस उठत नाही. पाऊस असेल तर तंबूच्या बाहेर, ताडपत्रीच्या दोन बाजू उघड्या ठेवून करा. जानेवारीनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा शेगडीभोवती मीटरभर जागा साफ करा आणि पाण्याची बाटली हाताशी ठेवा. वणवा लागायला एक उडालेली ठिणगी पुरते. रायगड, शिवनेरी, लोहगड अशा केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर, परवानगी दिलेली जागा सोडून अन्न शिजवायला १९५९ च्या नियमांनी बंदी आहे. तिथे शेगडी नेऊच नका.

लोकलने कसारा, कर्जत किंवा लोणावळा गाठणाऱ्यांसाठी हे स्पष्ट लिहायला हवं: रेल्वेत गॅसचा कॅन नेणं गुन्हा आहे. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराईत उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि ९ जण गेले. कॅन छोटा आहे म्हणून धोका छोटा होत नाही. एसटीतही ज्वालाग्राही सामान चालत नाही. सार्वजनिक वाहनाने जाणार असाल तर शेगडीचा बेत सोडा आणि पायथ्याच्या गावात जेवण सांगा. पाचनईसारख्या गावांत घरोघरी पिठलं-भाकरी मिळते आणि ते पैसे गावात राहतात.

पंधरा-वीस जणांचा गाडीने जाणारा गट असेल तर कॅनच्या भानगडीत पडू नका. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ हा ५ किलोचा अधिकृत सिलिंडर, आयएसआय खुणेचा रेग्युलेटर, सुरक्षा नळी आणि एक साधी शेगडी पुरते. बाजारात सुटे मिळणारे, डोक्यावर बर्नर लावलेले बिनशिक्क्याचे छोटे सिलिंडर मात्र घेऊ नका. ते घरगुती सिलिंडरमधून बेकायदा भरले जातात. हेच ऑनलाइन मिळणाऱ्या ‘कॅन रिफिल’च्या नोझलबद्दल. लांबट कॅन ब्यूटेनच्या दाबासाठी बनवलेला असतो. घरगुती गॅसमध्ये प्रोपेनही असतो आणि त्याचा दाब त्याच तापमानाला बराच जास्त असतो. त्यात कॅन काठोकाठ भरला गेला तर द्रव फुगायला जागाच उरत नाही. एकदाच वापरायचा कॅन पुन्हा भरू नका, कितीही पैसे वाचत असले तरी.

शेगडी दुकानात पेटवून दाखवत नाहीत, त्यामुळे परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी गच्चीवर चाचणी घ्या. कॅन तोला, एक लिटर पाणी झाकण ठेवून उकळा, पुन्हा तोला. वारा नसताना १६ ग्रॅमहून जास्त गॅस गेला असेल तर बर्नर बरा नाही. मग नेहमीच्या पातेल्यात चार वाट्या पातळ पिठलं घेऊन अगदी मंद आचेवर दहा मिनिटं ठेवा, अधूनमधूनच ढवळा. बूड मधोमध लागलं का ते बघा. शेवटी पातेलं काठापासून दोन बोटं राहील इतकं पाण्याने भरा, बर्नर बंद असताना शेगडीवर ठेवा आणि कडेला बोटाने हलकेच ढकला. ते हललं तर ती शेगडी तुमच्या पातेल्यासाठी नाही.